डाव्या दारावरचा दोर

यंदा नवरात्रात मामींचं बोलावणं आलं नाही. समोरच्या घरी आलं, शेजारच्या तमिळ घरी आलं, आमचं दार तेवढं सोडून मामी कुंकवाचा करंडा घेऊन पुढे गेल्या. छान झालं. गेल्या वर्षी त्यांच्या गोलूत मी हात घातला, तोही सगळ्या गावासमोर. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन, आणि त्या वेळी चपलाही काढणार नाही.

गोलू म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं. नवरात्रात लाकडी पायऱ्या मांडायच्या, त्यांवर पांढरं वस्त्र, सर्वात वर कलश, आणि खाली ओळीने बाहुल्या. देव, राजे, लाकडी नवरा-बायको, किराणा मांडून बसलेला पोट सुटलेला शेट्टी. बाजूला जमिनीवर मातीचं एक खेडं करतात, त्यात झाडं, गुरं, विहीर, सगळं. दर वर्षी एक तरी नवीन वस्तू मांडायचीच. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी निजवतात, त्यानंतरच बाकीच्या उचलायच्या. आधी कुणी हात लावला तर अपशकुन. कुंभकोणममधल्या आमच्या मराठी घरांतही हे सगळं असंच चालतं, मराठी राजांबरोबर इथे आल्यापासूनच्या तीनशे वर्षांत आम्ही इथलं एवढं तर घेतलंच आहे.

मी दातांची डॉक्टर. दवाखाना पितळेच्या भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, त्यामुळे दिवसभर बाहेर ठोकाठोक आणि आत माझ्या यंत्राची घरघर. शिकायला महाराष्ट्रात होते. तिथे वसतिगृहातल्या मुली माझं घरचं मराठी ऐकून पोट धरून हसायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा बोल ना, किती गोड! मी काय पेढा होते? त्या रागापायी मी त्यांच्यासारखं लिहायला-बोलायला शिकले, आणि हे लिहितेय तेही त्यांच्याच मराठीत. अप्पांशी मात्र मी आपलंच बोलते.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते नौदलात होते, चेतक हेलिकॉप्टरवर. चालवायला नव्हते. मागे डाव्या दाराशी कमरेला पट्टा बांधून बसायचे आणि विंच सांभाळायचे. दाराच्या वर बसवलेलं ते यंत्र पोलादी दोर खाली सोडतं आणि वर गुंडाळतं. दोराच्या टोकाला आकडा, आकड्याला पट्टा, पट्ट्यात माणूस. समुद्रात पडलेल्याला वर घ्यायचं, हे त्यांचं काम. वर घेताना दोर हेलकावतो, त्याला हातमोजा घातलेल्या हाताने सावरावं लागतं. एकदा मोजा फाटला आणि दोराने तळहात कापला. तो व्रण अजून आहे, लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे.

गावात हे कुणाला कधी नीट कळलंच नाही. फौजेतला माणूस म्हटलं की लग्नाच्या पंगतीत हमखास एक जण विचारणार, "कितीजणांस मारलां, अप्पा?" आणि आजूबाजूचे पुढे वाकणार. अप्पा ताकाचा पेला तोंडाला लावायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी एकदा पंगतीतच म्हटलं होतं, "मारायला नव्हे, काढायला गेलते ते." त्यावर विचारणाऱ्याचं तोंड असं पडलं, जणू त्याच्या पानातला लाडू कुणी उचलला.

मग अप्पांचे डोळे जाऊ लागले. पडदा मधोमध झिजतो, कडा तेवढ्या दिसतात. माझ्याकडे बघायचं तर ते माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टरांनी साफ सांगितलं की हे थांबणार नाही. त्या संध्याकाळी अप्पा झोपाळ्यावर बसून म्हणाले, "बाळे, मज माझें यंत्र एकदा करून दे. हातांत धरून बघतों. डोळे अस्के जायच्या आधीं."

अस्के म्हणजे सगळे. मी हो म्हटलं. रोज दुसऱ्यांचे दात मेणात कोरणाऱ्या बाईला वीतभर हेलिकॉप्टर काय जड, असं वाटलं.

जड होतं. आधी प्लास्टिकचा संच मागवला. पेटीवरच्या चित्रात समुद्र, आत मात्र सुटे भाग जमिनीवरच्या फौजेचे. चेतक एकच असला तरी सगळीकडचा सारखा नसतो. मूळ यंत्र साधं, सामान वाहायचं, माणसं ने-आण करायचं, डोंगरात नाही तर मैदानात उतरायचं. जहाजावर गेलं की त्याला बदलावं लागतं. पाती मिटता आली पाहिजेत, नाही तर ते जहाजावरच्या शेडमध्ये मावत नाही. पुढचं चाक जागच्या जागी अडकवता आलं पाहिजे, नाही तर डेक कलला की ते घरंगळतं. पोटाखाली एक काटा हवा, उतरताक्षणी डेकवरच्या जाळीत रुतणारा. चाकांशी गुंडाळून ठेवलेले फुगे, पाण्यात पडलंच तर तरंगायला. आणि डाव्या दारावर विंच. हे सगळं मला अप्पांनी सांगितलं, कारण इंटरनेटवरच्या लोकांना काही पत्ताच नव्हता.

त्या लोकांबद्दल एकदाचं बोलून टाकते. नौदलाचा चेतक म्हणून फोटो टाकतात, खाली बढाया मारतात, आणि फोटो असतो हवाई दलाचा. मी टॅबवर मोठा करून अप्पांच्या डोळ्यांच्या कडेशी धरायची. ते मान तिरकी करून एकेक कोपरा तपासायचे आणि म्हणायचे, "हें आमचें नव्हे. पोट बघ. कांटा कोठें आहे?" पुढचा फोटो. "हें होय, पण दोर नाहीं. हें साहेबांस फिरवायचें." मी एका मॉडेल करणाऱ्यांच्या गटात विनम्रपणे लिहिलं की अमुक फोटोखालचा मजकूर चुकलाय, माझे वडील त्यावर होते. एका गृहस्थांनी उत्तर दिलं की आठवणी फसव्या असतात, ताई, पुरावा द्या. पुरावा! माझ्या घरात झोपाळ्यावर बसून पुरावा कॉफी पीत होता. दातओठ खाल्ले आणि गट सोडला.

शेवटी मी संचातलं अर्धं प्लास्टिक फेकलं. काटा कवळीच्या तारेतून केला. फुगे मेणात कोरून गुलाबी ॲक्रिलिकमध्ये ओतले, कारण दवाखान्यात तेच असतं. नंतर राखाडी रंग दिला तरी खरवडलं की खाली हिरडी दिसायची. पाती मिटण्याचे सांधे तीनदा तुटले. विंच सर्वात शेवटी केला, त्याच ॲक्रिलिकचा. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला, त्यात फिरणारं रीळ बसवलं, म्हणजे दोर खरंच खाली-वर होईल. दोर काही मिळेना. दात साफ करायचा दोरा जाड, तार ताठ. दारासुरमची एक विणकर बाई दाढ दाखवायला आली होती, तिने जरीच्या रिळाचा एक धागा काढून दिला. रेशमावर चांदीची तार गुंडाळलेली. लांबून पाहिलं तर हुबेहूब पोलादी दोर. टोकाला मी आकडा लावला आणि अप्पांच्या हातात दिला.

त्यांनी नाकापासून सुरुवात केली. काच, पुढचं चाक, पोट, काटा. काट्याशी थांबून हसले. मग बोटं डाव्या दारावरून वर गेली आणि विंचपाशी टेकली. दोर त्यांनी अंगठ्याने हळूच ओढला, रीळ फिरलं. "आहे," ते म्हणाले. बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

पुढचे कितीतरी दिवस ते हेलिकॉप्टर त्यांच्या मांडीवरच असायचं. हे ऐकून एक दिवस मामा आले.

मामा म्हणजे मामींचे यजमान, आमचे लांबचे नातलग, आमच्या मराठी घरांच्या मंडळाचे कर्तेधर्ते. जिथे माइक असेल तिथे मामा. व्यापाऱ्यांच्या संघटनेने गावात गोलूची स्पर्धा लावली होती आणि मामांना ती जिंकायची होती. "या वेळीं आपलें मांडणें आपल्या माणसांचें," ते सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाले. "किल्ल्यावरचे शिपाई, दरबारचे पंडित, आणि मग आपले अप्पा! हेलिकॉप्टर मधल्या पायरीवर. नवमीस स्टेजवर शाल घालूं."

मी नको म्हटलं. मामांच्या हातात गेलेली वस्तू मूळ रूपात परत येत नाही, हा माझा अनुभव. त्यांना वाचायला दिलेल्या पुस्तकात भाजीचे हिशेब सापडले आहेत.

पण अप्पा म्हणाले, "देऊन टाक, बाळे. एकदां बघूं दे तरी लोकांस." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला तेव्हा कळलं की ती पंगतीतली वर्षं ते विसरले नव्हते. लोकांनी ते यंत्र पाहावं, दाराचा दोर पाहावा आणि एकदाचं समजावं, हा माणूस काय करत होता. मारत नव्हता. एवढंच हवं होतं त्यांना, आणि तेही डोळे पुरते जायच्या आत. मी दिलं.

पहिल्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये जाऊन पाहिलं. मधल्या पायरीवर, पांढऱ्या वस्त्रावर, नीट ठेवलं होतं. दोराचा आकडा खाली लोंबत होता. मी मामांना एकच गोष्ट सांगितली, "दोरास हात लावूं नका." "छे छे," मामा म्हणाले. मग दवाखान्यात गर्दी झाली आणि मी पुन्हा गेले ती थेट नवमीला.

नवमीला आयुधपूजा. सकाळी मी माझ्या खुर्चीला, यंत्राला, चिमट्यांना चंदन-कुंकू लावलं, मदतनीस मुलीने स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी अप्पांना नवं धोतर नेसवून हॉलवर नेलं. हेलिकॉप्टर पायरीवरून आधीच उचलून स्टेजवर एका टेबलावर लाल मखमलीने झाकून ठेवलं होतं. मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मामी सुंडलचे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण वाटत होत्या, कुणीतरी गात होतं, आणि अप्पांना स्टेजची पायरी दाखवण्यात माझं लक्ष.

मामा माइकवर तमिळमध्ये अर्धा तास बोलले. शिपाई, तलवार, रक्त, शौर्य. अप्पांचा त्यात कुठे पत्ताच नव्हता, त्यांच्या जागी कुणीही ढाल-तलवारवाला चालला असता. मग शाल घातली आणि मखमल ओढली.

माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. दोन्ही बाजूंना दोन-दोन रॉकेटं. लाल टोकांची, पिवळ्या पट्ट्यांची, तिरुनागेश्वरमला देवळाबाहेर खेळण्यांच्या टपरीवर मिळतात ती. काचेवर चंदन-कुंकवाचे तीन ठिपके, कारण वाहन आहे ना, आयुधपूजा आहे ना. लिंबावरून चाक नेलं असणार, पुढचं चाक वाकडं झालं होतं. आणि डाव्या दारावर विंच नव्हता. विंचच्या जागी गोंदाचा डाग आणि डागाखाली माझं गुलाबी ॲक्रिलिक.

मी पहिल्या रांगेतून उठले तोवर मामांनी ते अप्पांच्या हातात दिलं होतं.

अप्पांनी नाकापासून सुरुवात केली, नेहमीसारखी. चाकाशी बोटं थबकली, पुढे गेली. पोट, काटा. मग डाव्या दारावर आली, वर चढली, आणि काही न सापडून परत खाली आली. पुन्हा वर गेली. मग रॉकेटाच्या टोकाला लागली आणि त्यांनी हात झटक्यात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. तो हात मागे गेलेला मी पाहिला. ते मी मामांना कधीही माफ करणार नाही.

"दोर कोठें?" अप्पांनी विचारलं.

मामांनी माइकवर हात ठेवला. "अप्पा, परीक्षक आले होते की. म्हणाले, फौजेचें आहे तर तोफा कोठें? हें तर दवाखान्याची गाडी दिसते. म्हणून मीं जरा वीर दिसायला..."

"मग वर कोणास घेतलों मीं?" अप्पा म्हणाले.

माइक अर्धवटच झाकला होता. ते वाक्य हॉलभर ऐकू गेलं. निम्म्या लोकांना मराठी येत नव्हतं, त्यांना वाटलं वीर काहीतरी वीरासारखं बोलला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना येत होतं त्यांनीही वाजवल्या. परीक्षकांनी तर उभं राहून वाजवल्या. आणि माझे वडील त्या टाळ्यांच्या मधोमध ते रॉकेटांचं खेळणं हातात धरून उभे होते, मान तिरकी करून, कुणाचा तरी चेहरा कडेने दिसतो का ते शोधत.

मी स्टेजवर चढले. "विंच कोठें टाकलांत?"

"टाकूं कशाला?" मामा दुखावल्या आवाजात म्हणाले. "आम्हीं कांहीं टाकीत नाहीं. मामीस विचार."

मामी गोलूशेजारी होत्या. त्यांनी मोठ्या कौतुकाने मातीच्या खेड्याकडे बोट दाखवलं. "विहिरीवर लाविलें गे. रहाट नव्हता विहिरीस. बघ, कसें शोभतें!"

दोन काड्यांच्या चौकटीवर माझा विंच बसवला होता. दोर विहिरीत गेला होता, आकड्याला भातुकलीतला पितळी घडा. शेजारी मातीची बाई कमरेवर हात ठेवून उभी. खरं सांगते, छान दिसत होतं. त्यामुळे तर जास्तच डोकं फिरलं.

मी वाकले. "गोलूस हात लावूं नको!" मामी ओरडल्या. "कलश आहे! बाहुली निजवली नाहीं अजून!" मामा धावले. बायकांनी एकदम "अय्यो" केलं. मी हात घातला. चौकट मोडली, विहीर कलंडली, मातीची बाई तोंडावर पडली. विंच मुठीत घेतला, घडा तसाच लटकत. वर जाऊन अप्पांच्या हातातल्या हेलिकॉप्टरची रॉकेटं एकामागून एक मोडली आणि माइकसमोर टेबलावर आपटली. मामा म्हणाले की तुझ्यामुळे बक्षीस जाईल. मी तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल असं, माइकवर म्हटलं की माझ्या वडिलांनी कुणाला मारलेलं नाही, त्यांनी बुडणारी माणसं वर काढली, आणि ज्यांना ते कमी वाटतं त्यांनी टाळ्या वाजवून इथे उभं राहू नये, घरी जावं. आवाज फाटला होता माझा. अर्धे घरी गेलेही.

मामी रडत होत्या. त्यांच्यासाठी वाईट वाटलं का? तेव्हा नाही. आता थोडं वाटतं, विहिरीपुरतं.

अप्पा मात्र तिथेच उभे होते. शाल खांद्यावरून घसरली होती. मी त्यांचा हात उघडला, व्रणाचा, आणि विंच तळहातावर ठेवला. दोर बोटांमधून खाली सुटला, टोकाला तो पितळी घडा हेलकावे खात होता. घडा काढायला मी हात पुढे केला.

"थांब," अप्पा म्हणाले.

त्यांनी अंगठा आणि तर्जनीत जरीचा धागा धरला. हेलकावा थांबेपर्यंत नुसता धरून ठेवला. मान खाली, डोळे मिटलेले. मामा माइक बंद करायचे विसरले होते.

"वजन आहे," ते म्हणाले. "खालीं कोणी तरी आहे."

आणि त्यांनी दोर वर घ्यायला सुरुवात केली.